खायला काही देऊ नका

"डॉक्टर, अंगणात कासवाचं पिल्लू सापडलंय. खायला काय देऊ?"

पहिले दोन-चार दणकून पाऊस झाले की हे फोन सुरू होतात आणि गणपती येईपर्यंत अधूनमधून येत राहतात. मी पशुवैद्य, त्यातही सरपटणाऱ्या प्राण्यांची. माझं उत्तर ठरलेलं: काहीही देऊ नका. ते ऐकून समोरचा माणूस थोडा दुखावतो. दारी आलेल्याला उपाशी ठेवायचं हे आपल्याला पटत नाही, त्यातून कासव म्हणजे साक्षात कूर्मावतार. फोन येईपर्यंत बशीत दूधभात, काकडीच्या चकत्या, पोळीचा कुस्करा असा नैवेद्य मांडूनही झालेला असतो. पिल्लू मान आत घेऊन बसलेलं असतं आणि घरातली सगळी मंडळी ते खात का नाही या काळजीत.

ते खात नाही, कारण त्याला भूक नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर पडताना उरलेला पिवळा बलक पोटात घेऊनच येतं. नवं पिल्लू हळूच उलटं करून पाहिलं तर पोटाकडच्या कवचावर मधोमध एक बारीक चीर दिसते. ती त्याची बेंबी. नाकाच्या टोकावर पांढरट टोक असतं, अंडं फोडण्यासाठी निसर्गाने दिलेलं. ते काही दिवसांत आपोआप गळून पडतं. या दोन खुणा दिसल्या की समजायचं, आतली शिदोरी अजून संपलेली नाही. पिल्लू ताबडतोब सुलटं करा. दुधाशी तर कुठल्याच कासवाचा जन्मात संबंध येत नाही. ते पाजलं तर पोट बिघडतं.

दुसरा प्रश्न हमखास आईचा. "आई शोधत असेल हो बिचारी." नाही शोधत. मादी खड्डा करते, अंडी घालते, मागच्या पायांनी माती ओढून जागा सारखी करते आणि निघून जाते. तिची आणि पिल्लांची पुन्हा गाठ पडत नाही. तेव्हा तुमच्या अंगणात सापडलेलं पिल्लू हरवलेलं नाही की पोरकं नाही. ते मातीतून वर येऊन पाण्याच्या वाटेला लागलं होतं, मध्ये तुम्ही आलात.

आता खरा प्रश्न. पिल्लू कोणाचं? यावर पुढचं सगळं अवलंबून आहे आणि नेमका हाच प्रश्न मला कोणी विचारत नाही. मी तीन फोटो मागवते: पाठीचा, पोटाचा आणि पायांचा. लोक पाठीचे आठ फोटो पाठवतात, पायांचा एकही नाही. मला पाय आधी हवे असतात. बोटांमध्ये पडदा असेल तर कासव पाण्यातलं. बोटं सुटी न दिसता पाय खांबासारखे गोल असतील तर ते जमिनीवरचं. आणि पायांच्या जागी वल्ही असतील तर तुम्ही कोकणात किनाऱ्याजवळ राहता आणि ते समुद्राचं आहे.

आपल्या गावांत, शेतांत, तळ्याकाठी सापडणारं पिल्लू बहुतेक वेळा मऊ पाठीच्या कासवाचं असतं. आगपेटीएवढं, चपटं, पाठीवर खवल्यांऐवजी गुळगुळीत कातडी, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं. पोटाकडे मागच्या बाजूला कातडीच्या दोन झडपा असतात. घाबरलं की मागचे पाय आत घेतं आणि झडपा लावून टाकतं. तळहातावर ठेवून दोन मिनिटं हलला नाहीत तर आधी नाकाचं टोक बाहेर येतं, मग डोळे, मग एक झडप किंचित उघडते. इतकी वर्षं पाहतेय, अजून कंटाळा आलेला नाही. कोकणात आणि घाटातल्या ओढ्यांकाठी दुसरं एक भेटतं, काळं कासव. त्याची पाठ टणक आणि तिच्यावर लांबीत तीन कंगोरे. विहीर स्वच्छ राहावी म्हणून कोकणातली जुनी माणसं विहिरीत कासव सोडायची, ते बहुधा हेच.

ही दोन्ही पाण्यातली. ती तुमच्या अंगणात अगदी बरोबर जागी आहेत. कुत्रं, मांजर, कावळा आणि रिव्हर्स घेणारी गाडी यांच्यापासून धोका नसेल तर त्यांना जाऊ द्या. धोका असेल तर उचला आणि ज्या दिशेला तोंड करून चाललं होतं, त्याच दिशेच्या जवळच्या तळ्याच्या, ओढ्याच्या नाहीतर भातखाचराच्या काठावर, गवताच्या सावलीत ठेवा. पाण्यात भिरकावू नका. काठावरून ते आपलं आपण उतरेल. उभ्या कठड्याची सिमेंटची विहीर टाळा, कारण तिथून त्याला वर चढून यायला जागा नसते. आणि उगाच गाडीत घालून चाळीस किलोमीटरवरच्या निसर्गरम्य धरणावर नेऊ नका. त्याचं गाव हेच आहे. तिथल्या कासवांना नवा आजारही तुम्हीच नेऊन द्याल.

जमिनीवरच्या कासवाचं मात्र उलटं. खांबासारखे पाय, घुमटासारखी उंच पाठ, काळ्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या: हे तारा कासव. त्याचं रान गुजरात-राजस्थानात आणि तिकडे दक्षिणेत, आंध्र-कर्नाटक-तमिळनाडूत. पुण्यामुंबईच्या सोसायटीच्या बागेत ते सापडलं तर कोणाच्या तरी घरातून निसटलेलं किंवा मुद्दाम सोडून दिलेलं असतं. या कासवाची तस्करी इतकी चालते की भारताने मागणी करून २०१९ साली त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद करून घेतला. त्याला पोहता येत नाही. तरीही 'कासव म्हणजे पाण्यातलं' या समजापायी भाविक लोक त्याला देवळाच्या विहिरीत सोडतात. ते पुण्य नव्हे, बुडवून मारणं आहे.

तिसरा पाहुणा परदेशी. हिरवंगार, अंगठ्याएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा. मत्स्यालयाच्या दुकानांतून प्लास्टिकच्या डब्यात मिळतं. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. दुकानदार सांगतो, एवढंच राहतं. राहत नाही, जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. मग पाणी घाण होतं, वास येतो, मुलं मोठी होऊन शिकायला बाहेर जातात आणि एका संध्याकाळी कासव गावच्या तळ्यात जातं. तिथे ते आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. अमेरिकेने तर १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली, कारण त्यांच्यापासून मुलांना साल्मोनेलाची लागण होत होती. हा जंतू आपल्या कासवांच्या अंगावरही असू शकतो, म्हणून कोणतंही कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि लहान मुलांना त्याचा पापा घेऊ द्यायचा नाही. लाल पट्ट्याचं कासव अंगणात आलं तर ते कुठेही सोडू नका. नीट सांभाळणारा माणूस किंवा प्राणी-बचाव केंद्र शोधा.

वल्ह्यांचं पिल्लू बहुधा ऑलिव्ह रिडलेचं. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने संवर्धन सुरू केलं, आता किनाऱ्यावरच्या अनेक गावांत वनखात्याचे कासवमित्र आहेत. घरांच्या दिव्यांकडे ही पिल्लं उलटी वळतात आणि माडांच्या वाडीत शिरतात. बाहेरचा दिवा घालवा, कासवमित्राला बोलवा. तोवर ओलसर वाळू घातलेल्या डब्यात, अंधारात ठेवा. पाण्याच्या बादलीत तर मुळीच नाही. समुद्र गाठायला लागणारी ताकद ते बादलीतच संपवून टाकतं.

जखमी कासवाबद्दल थोडं. कवच म्हणजे वरून चढवलेलं चिलखत नव्हे. त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा त्यालाच जोडलेले असतात, त्यात रक्त खेळतं, त्याला दुखतं. कुत्र्याने चावून कवच तडकलं असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड लावा, भोकं पाडलेल्या खोक्यात कोरडं ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. हळद भरू नका, आणि पटकन चिकटणारा तो गोंद तर अजिबात नको. गोंदाने बुजवलेली भेग मी पुन्हा उघडते तेव्हा आत पू असतो.

"ठेवलं तर काय होतं?" हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात. दोन उत्तरं आहेत. पहिलं वैद्यकीय. टबात, ऊन न लागता, भात-पोळीवर वाढलेलं कासव सहा-आठ महिन्यांनी माझ्या टेबलावर येतं. बोटाने दाबलं की कवच दबतं, डोळे सुजून मिटलेले, मागचे पाय ओढत चालणारं. कॅल्शियम नाही, ऊन नाही, जीवनसत्त्व अ नाही. असं पिल्लू वाचवता येतं, पण सरळ वाढवता येतंच असं नाही. दुसरं उत्तर कायद्याचं. मऊ पाठीचं कासव आणि तारा कासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्याच पंगतीत. शिक्षा तीन ते सात वर्षांची. प्रेमाने ठेवलं होतं, हा बचाव चालत नाही.

आणि ते वीस नखांचं कासव. पैशांचा पाऊस पाडणारं म्हणून त्याचे सौदे होतात, मांडुळाच्या सौद्यांसारखेच. मऊ पाठीच्या कासवाला दर पायावर तीन नखं, म्हणजे एकूण बारा. काळ्या कासवाला पुढे पाच-पाच, मागे चार-चार. मोजून घ्या आणि बेरीज करा. या वेडापायी कासवं पकडली जातातच, मांसापायी त्याहून जास्त: २०१७च्या जानेवारीत उत्तर प्रदेशात अमेठीला एकाच छाप्यात सहा हजारांहून अधिक मऊ पाठीची कासवं पकडली गेली. म्हणून एक विनंती. पिल्लाचा फोटो काढा, जरूर काढा, पण गाव आणि तळ्याच्या नावासकट सगळ्या ग्रुपवर फिरवू नका. ओळख पटत नसेल तर वनखात्याच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा पिल्लांचा हंगाम संपलेला असेल, पण पाऊस ओसरल्यावर घातलेली अंडी मातीत असतील. दिवाळीनंतर वाफे खणताना मऊ मातीत पांढरी अंडी लागली तर हाताने उचलू नका, फिरवू नका. कोंबडी आपली अंडी रोज उलटते. कासवाच्या अंड्यातला जीव मात्र कवचाच्या वरच्या भागाला चिकटून वाढतो आणि अंडं उलटं झालं तर मरतो. होती तशी माती वर लोटा, चार विटा लावून जागा राखा आणि वांगी यंदा दुसऱ्या वाफ्यात लावा.