गाडी लावायला जागा

बरेच दिवस ब्लॉगवर काही लिहिलं नाही. पुतणीने परवा फोनवर दम दिला, "काकू, ती इंग्लंडच्या जुन्या गाड्यांची गोष्ट सगळ्यांना सांगत असतेस, ती लिहून काढ की." म्हणून बसले आहे. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

गोष्ट तशी इंग्लंडची नाही, आमच्या सोसायटीच्या पार्किंगची आहे. पण इंग्लंडवरून वळसा घातल्याशिवाय ती सांगता येत नाही.

आमच्याकडे एक फियाट आहे. ११०० डिलाइट, १९६५ची. मामंजींनी साताऱ्यात असताना घेतली. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. पुढे हिचंच नाव पद्मिनी झालं, पण आमच्या घरात ती शेवटपर्यंत 'फियाट'च. गिअर स्टिअरिंगपाशी, पुढे सलग बाक, आणि दार लावताना होणारा तो जाड 'धप्प' आवाज! ह्यांनी ती जिवापाड सांभाळली. २०१४ साली हे गेले आणि गाडीवर कव्हर चढलं ते चढलंच. लिफ्टच्या जवळची, पत्र्याखालची आमची जागा. तिथे ती नऊ वर्षं उभी होती.

२०२३च्या उन्हाळ्यात सोसायटीचं पत्र आलं. वापरात नसलेली वाहनं हलवावीत, जागा दुसऱ्या सभासदांना लागते आहे. सेक्रेटरी माझाच विद्यार्थी, आठवीला मराठी शिकवलेलं. पत्र द्यायला स्वतः आला, चपला बाहेर काढून अवघडून उभा राहिला. "बाई, रागावू नका, पण भंगारवाला चांगले पैसे देतो म्हणे." मी रागावलेच. वर्गातसुद्धा एवढी कधी बोलले नसेन. त्याच रागात लेकीकडे इंग्लंडला गेले.

तिथे सप्टेंबरात जावयांनी गुडवुडची तिकिटं काढली होती. इंग्लंडच्या दक्षिणेला चिचेस्टर गावाजवळ एक जुना विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथून लढाऊ विमानं उडायची. युद्ध संपल्यावर त्याच्या कडेच्या रस्त्याचीच शर्यतीची वाट केली, १९४८ साली. १९६६ला तिथल्या शर्यती बंद झाल्या. मग पहिल्या शर्यतीनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, म्हणजे १९९८ला, 'रिव्हायव्हल' नावाने ती जत्रा पुन्हा भरू लागली. तीन दिवस. गाड्या जुन्या, विमानं जुनी, आणि माणसंसुद्धा आजीआजोबांच्या काळचे कपडे घालून येतात. लेकीने मला नऊवारी नेसायला लावली. "आई, इथे कोणी हसणार नाही," म्हणाली. खरंच कोणी हसलं नाही. उलट दोघीतिघींनी फोटो मागितला.

शर्यतीचं मला काही कळलं नाही. आवाज फार. माझं लक्ष वेधून घेतलं ते गाड्या लावण्याच्या व्यवस्थेने. तीन दिवसांत दीडेक लाख माणूस येतं. भोवती खेड्यातले अरुंद रस्ते, पक्की पार्किंगची इमारत वगैरे काही नाही. सगळी शेतं आणि कुरणं. बांधावरच्या फाट्यापाशी एक मुलगा पिवळं जाकीट घालून उभा होता. प्रत्येक गाडीच्या तोंडाकडे बघायचा आणि हात करायचा. नवी गाडी लांबच्या शेतात. जुनी गाडी जवळच्या कुरणात, अगदी मैदानाला लागून. जुनी म्हणजे १९६६च्या आधीची. त्या सालापर्यंत इथे शर्यती होत, म्हणून तीच रेघ. किंमत किती, मालक कोण, काही विचारणं नाही. लाखमोलाची जग्वार आणि पत्रा गंजलेली मॉरिस मायनर एकाच रांगेत. आणि कालपरवा घेतलेली भारीतली भारी गाडी असली, तरी चला लांब!

जावयांची गाडी २०१९ची. आम्ही गेलो लांब.

त्या लांबच्या शेतात गाड्या कशा भरतात ते मी नीट पाहिलं, कारण ते काम मी आयुष्यभर केलं आहे. गाड्यांचं नाही, मुलांचं. आमच्या शाळेत प्रार्थनेला बाराशे मुलं पटांगणावर यायची. लांबच्या कोपऱ्यापासून रांगा भरायला सुरुवात करायची, मधे पोकळी ठेवू द्यायची नाही, आणि मैत्रिणीशेजारी उभी राहते म्हणणारीला गोड शब्दांत पुढे ढकलायचं. इथेही तेच! रांगेच्या तोंडाशी एक मुलगी, रांग जिथे संपते तिथे एक मुलगा. ती बोटाने दाखवणार, तो दोन्ही हात पुढे करून बोलावणार आणि शेजारच्या गाडीला खेटून थांबवणार. दोन रांगा तोंडाला तोंड लावून, मग एक मोकळी वाट, मग पुन्हा दोन रांगा. म्हणजे निघताना कोणाला कोणासाठी थांबायला नको. कोपऱ्यात एक ट्रॅक्टर तयार. पाऊस झाला की चाकं रुततात, तेव्हा ओढून काढायला.

त्या वर्षी मात्र पाऊस कसला! इंग्लंडात सप्टेंबरात तीस अंशांच्या वर ऊन होतं. लांब एक मोठं झाड दिसत होतं. मी म्हटलं, सावलीत लावू या. जावयांनी विचारलं. ती मुलगी हसून म्हणाली, "नाही." एकाला झाड दिलं की पुढचे पन्नास जण झाडच मागतात, आणि मागची रांग रस्त्यापर्यंत जाते. मला तिचं पटलं, पण पाय कुरकुरत होते. पुढे ट्रॅक्टरला जोडलेली बाकांची ट्रॉली मिळाली. पाटील चढली ट्रॉलीत, असं मनात म्हणत नऊवारी सावरून चढले.

जुन्या गाड्यांच्या कुरणात आम्ही दुपारी गेलो. मी जाणार होते तासभर, पण संध्याकाळपर्यंत तिथून हललेच नाही. तिथे ती खेटाखेटी नव्हती. गाड्यांमधे मोकळी जागा, बॉनेट उघडी, शेजारी घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास. इंजिनाखाली कोणी पत्र्याचं ताट ठेवलेलं, कोणी पुठ्ठा, तेल गवतावर ठिबकू नये म्हणून. मालक म्हाताराम्हातारी, आल्यागेल्याला कौतुकाने सांगत बसलेले. निम्मी माणसं शर्यत सोडून हे पार्किंगच बघत हिंडत होती.

मी जावयांना म्हटलं, "बघा, म्हाताऱ्यांचा मान कसा ठेवतात! नाहीतर आमची सोसायटी." त्यावर ते म्हणाले, "आई, मान आहेच, पण त्यात सोयही आहे. या गाड्या रांगेत पाच पाच फूट सरकत राहिल्या तर तापतात, रेडिएटर उकळतो. एक बंद पडली की मागचा सगळा रस्ता अडतो. म्हणून त्यांना पटकन बाजूला घेतात. आणि या सगळ्या स्वतःच्या चाकांवर आल्या आहेत, हे लक्षात घ्या. कव्हर घालून ठेवलेल्या गाडीला इथे कोण विचारतो?"

ते सहज बोलून गेले. आमच्या पत्र्याखालच्या गाडीचं त्यांच्या मनातही नसावं. मला मात्र ते लागलं. चहा घशाखाली उतरेना.

मग ती दिसली. फिकट हिरवी, आमच्याच घराण्यातली, फियाट ११००. मालक सत्तरीचे असावेत, डोक्यावर गवताची हॅट. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे आहे अशी, १९६५ची, गिअर इथे. ते इतके खूश झाले की दार उघडून म्हणाले, बसा. मी नेहमीच्या सवयीने डाव्या बाजूने शिरले. एकोणचाळीस वर्षं माझी जागा डावीकडची. बसले, तर समोर स्टिअरिंग! गाडी इटलीहून आलेली, तिकडे चालक डावीकडे बसतो. मी उजवीकडे पाहिलं. ती बाजू रिकामी होती.

किती वेळ बसले माहीत नाही. लेकीने खिडकीतून "आई, पाणी हवं का?" विचारलं तेव्हा उठले.

संध्याकाळी शर्यती संपल्यावर नव्या गाड्यांची एकच घाई. जुन्या गाड्यांचे मालक मात्र निवांत खुर्च्यांत बसून. गर्दी ओसरल्यावर, हवा गार झाल्यावर निघायचं, हा त्यांचा शिरस्ता. हिरव्या फियाटच्या शेजारची एक गाडी चालूच होईना. चार अनोळखी माणसांनी मागून धक्का दिला, ती खोकत चालू झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ऑक्टोबरात परत आले. त्याच महिन्याअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्याची बातमी आली. लोकांनी हळहळून फोटो टाकले. मी पेपर बाजूला ठेवला आणि खाली जाऊन नऊ वर्षांत पहिल्यांदा कव्हर काढलं. उंदरांनी सीट कुरतडलेली. चारही टायर बसलेले. डॅशबोर्डच्या खणात ह्यांचा चष्मा पुसायचा फडका.

सेक्रेटरीला बोलावलं. बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "जागा नक्की कोणाला हवी आहे रे?" हे मी उन्हाळ्यात विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "बाई, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. काकांची गाडी मागच्या भिंतीपाशी असते. पावसात काकूंना तेवढं चालवत नाही." त्या काकूंच्या हातचे अनारसे मी वीस वर्षं खाते आहे. आजारी आहेत हे ठाऊक होतं. कुठून कुठवर चालतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा मला फक्त 'भंगार' एवढाच शब्द ऐकू आला होता.

म्हटलं, "जागा घे. पण गाडी भंगारात जाणार नाही. ती चालत बाहेर येईल."

ह्यांचे जुने मिस्त्री आता थकले आहेत, मुलगा गॅरेज बघतो. त्या दोघांनी दोन महिने घेतले. कार्ब्युरेटर, ब्रेकच्या नळ्या, टाकीतला गंज, काय काय. खर्चाचा आकडा लिहीत नाही, बंगलोरचा मुलगा हा ब्लॉग वाचतो. कागदपत्रांचंही कळलं. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार, नोंदणी दहा वर्षांची, नंबरात 'व्हीए' अक्षरं. मात्र रोजच्या कामाला ती काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यांसाठीच. मला तरी रोज कुठे जायचंय!

जानेवारीतल्या एका रविवारी गाडी हलवायची ठरली. पत्र्याखालून निघून मागच्या भिंतीपाशी, पाण्याच्या टाकीच्या शेजारी. उघड्यावर, पण सकाळचं ऊन तेवढं येतं. स्टिअरिंगवर सेक्रेटरी बसला, कारण मी गाडी कधी शिकलेच नाही. ह्यांनी शिकवली नाही आणि मी हट्ट धरला नाही. त्याला बिचाऱ्याला स्टिअरिंगचा गिअर सापडेना. पहिला म्हणून टाकला तो तिसरा पडला, गाडीने एक आचका दिला आणि बंद. मागून मिस्त्रींचा मुलगा आणि पोरं धक्का द्यायला. दुसऱ्या मजल्यावर काकू खिडकीत उभ्या होत्या.

मी टाकीपाशी जाऊन उभी राहिले. दोन्ही हात पुढे केले, त्या गुडवुडच्या मुलासारखे, आणि म्हटलं, "ये. सरळ ये. डावीकडे घे. अजून. अजून थोडी... बस!"

"बाई," तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "भिंतीला अजून दोन फूट आहेत."

"असू देत. बॉनेट उघडायला लागतात."