सांध्यावरची माणसे

सिस्टिम डिझाइन इंजिनियर एखादा सुटा भाग घडवीत नाही; अनेकांनी घडविलेले भाग एकत्र कसे नांदतील, हे तो पाहतो. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो. यंत्रविद्येत आमची गती बेताचीच. तरीही अशा इंजिनियरांना कसे घडवावे, हा प्रश्न आम्हांला एका यानामुळे जवळचा वाटू लागला.

११ डिसेंबर १९९८ रोजी ‘नासा’ने ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाकडे धाडले. त्याचा सौरपंख एकाच बाजूला होता. सूर्यप्रकाशाच्या दाबाने यान कलू नये म्हणून आतील चाके तो जोर पेलीत आणि चाकांवर साठलेला जोर उतरविण्यासाठी लहान झोत सोडावे लागत. तेही अपेक्षेपेक्षा दहा ते चौदा पट अधिक वेळा. या झोतांचा हिशेब पृथ्वीवरील एक संगणकप्रणाली पौंडांत मांडी; यानाचा मार्ग आखणारे तो न्यूटनमध्ये समजून वाचीत. एका पौंडाच्या बलाचे सुमारे ४.४५ न्यूटन होतात. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरांवरून जावयाचे यान ५७ किलोमीटरांपर्यंत खाली गेले आणि हरपले.

‘एककांची चूक’ एवढ्यावरच ही गोष्ट बहुधा संपविली जाते. आम्हांला ते अपुरे वाटते. चौकशी मंडळाने नोव्हेंबर १९९९च्या अहवालात एककांना मूळ कारण म्हटले खरे, पण सोबतच्या कारणांत अपुरे प्रशिक्षणही नोंदविले. मार्ग आखणारी मंडळी उड्डाणाच्या थोडेच आधी कामावर आली होती. रचनेच्या मुख्य आढावा-बैठकांना ती नव्हती. एकाच बाजूच्या पंखाचा परिणाम तिला पुरता उमगला नव्हता. आकडे जुळत नाहीत, हे तिच्या ध्यानी आले होते. ती शंका मात्र रीतसर नोंदीऐवजी अनौपचारिक निरोपांतच राहिली.

गणित, भौतिकी हवीच. पण विद्यार्थ्याला पहिल्या आराखड्यापासून यंत्र चालू होईपर्यंत एका कामाबरोबर राहू द्यावे. एकाचे काम दुसऱ्याच्या हाती जाते तेथे त्याला बसवावे. हा आकडा कशात मोजला? तो कोण वाचणार? चुकला तर कोणाला कळेल? हे विचारण्याची सवय परीक्षेतून लागत नाही. (सेमिनरीतही वर्गाबाहेर, लोकांत काढलेल्या दिवसांनी आम्हांला अधिक शिकविले.)

आणि येथे आपली घरे आडवी येतात. वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारणारे मूल आपण उद्धट ठरवितो, आणि मग त्याने इंजिनियर व्हावे म्हणून शिकवणीचे पैसे भरतो. शिफारसपत्रासाठी येणारे पालक गुण सांगतात, आम्ही विचारतो, “दुसऱ्याचे काम समजले नाही तर तो विचारतो का?” परवा एक माता म्हणाली, “विचारतो ना, फादर. म्हणून तर शाळेतून चिठ्ठ्या येतात.” पत्र आम्ही तेव्हाच लिहून दिले.