क्योतोतली पत्त्यांची पेढी

मुलांनो, क्योतो म्हटलं की देवळं आणि बागा आठवतात. मला मात्र तिथं बघायची होती एक पत्त्यांची पेढी!

क्योतो स्टेशनवरून कामो नदीच्या दिशेने चालत निघालं, की वीसेक मिनिटांत कागियाचो ही वस्ती लागते. अरुंद गल्ली, ठेंगणी घरं, जवळून वाहणारी ओढ्याएवढी ताकासे नदी. तिथंच १९३० साली बांधलेली एक भारदस्त इमारत आहे. हे निंतेंदोचं जुनं कार्यालय. २०२२ पासून त्यात हॉटेल आहे, पण यामाउची घराण्याची जुनी पाटी दारावर तशीच ठेवली आहे.

फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली याच परिसरात 'हानाफुदा' पत्ते करायला सुरुवात केली. पत्ते ४८. बारा महिने, दर महिन्याचं एक फूल किंवा झाड आणि त्याचे चार पत्ते. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाची आठवण झाली बघा! गंमत म्हणजे पत्त्यांना जपानीत 'कारुता' म्हणतात, आणि तो शब्द आहे पोर्तुगीज. सोळाव्या शतकात गोव्याला राजधानी थाटून बसलेल्या पोर्तुगिजांच्याच गलबतांतून पत्ते जपानला पोचले.

या पत्त्यांच्या कारखान्यात १९६५ साली गुन्पेई योकोई नावाचा तरुण लागला. काम काय, तर यंत्रांची देखभाल. फावल्या वेळात त्यांनी लाकडी पट्ट्यांचा लांबणारा-आखडणारा हात बनवला. मालकांनी तो पाहिला. आता बोलणी बसणार असं वाटत होतं. पण मालक म्हणाले, हे विकायला काढा! १९६६ साली 'अल्ट्रा हँड' बाजारात आला आणि तुफान खपला.

पुढे एकदा आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगीचच दाबत बसलेला योकोईंना दिसला. याच्या हातात खेळ दिला तर? त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' निघाला. पडदा कॅल्क्युलेटरसारखाच, खेळ मात्र एकच.

मग आला १९८९ चा 'गेम बॉय'. यात कॅसेट बदलली की खेळ बदलायचा. योकोई म्हणत, जुनं झालेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि ते नव्या कामाला लावा. म्हणून पडदा हिरवट, छटा चारच, मागे दिवासुद्धा नाही. त्याच सुमारास दुसऱ्या कंपन्यांची रंगीत यंत्रं आली होती. सगळे हसले असतील! पण सेगाच्या 'गेम गिअर'ला सहा पेन्सिल सेल लागायचे, आणि तीन-पाच तासांत ते संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चाले. सेलचे पैसे ज्या आईबाबांना द्यावे लागतात, त्यांना विचारा यातलं मर्म! १९९३ साली एका रशियन अंतराळवीराने 'टेट्रिस' खेळायला तो 'मीर' स्थानकावरही नेला. गेम बॉय आणि नंतरचा रंगीत गेम बॉय मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त खपले.

क्योतोहून लोकल गाडीने ओगुरा स्टेशनला गेलं, की उजी गावातला निंतेंदोचा पत्त्यांचा जुना कारखाना येतो. २ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं संग्रहालय आहे. तिकीट आगाऊ काढावं लागतं, तेही सोडत लागली तर! आत हानाफुदाही आहेत आणि तो लांबणारा हातही. त्या हातापाशी मी बराच वेळ रेंगाळलो.

१९९५ चा योकोईंचा 'व्हर्च्युअल बॉय' साफ पडला. पुढच्या वर्षी त्यांनी निंतेंदो सोडली आणि स्वतःची छोटी कंपनी काढली. तिथं ते बंदाई कंपनीसाठी आणखी एका हातातल्या यंत्राच्या कामाला लागले. पण ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय होतं अवघं ५६.

ते यंत्र, 'वंडरस्वान', १९९९ साली बाजारात आलं. त्याला पेन्सिल सेल लागायचा फक्त एक.