कामाला वाघ, अंगाला वास

पाणी कुंभकोणमच्या महामहम तलावाचं असो नाहीतर नळाचं, तपासणीला गेलं की प्रयोगशाळा आधी ह्याला हुडकते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक याबाबतीत कडक आहे: १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू एकही सापडता कामा नये. सापडला की समजायचं, मैला कुठूनतरी पाण्यात मिसळतोय. दर बारा वर्षांनी लाखो माणसं जिथल्या तलावात पुण्यासाठी उतरतात, त्या कुंभकोणमात ह्या प्राण्याची एवढीच ओळख. पापी.

आणि त्याच गावात, तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून राहिलेल्या एखाद्या मराठी घरात, फ्रिजच्या दारात इन्सुलिनची कुपी उभी असते. लेबलवर बारीक अक्षरांत ‘आर-डीएनए ओरिजिन’, म्हणजे जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवाकडून बनवून घेतलेलं. लिलीचं ह्युमिन्सुलिन असेल तर ते ह्याच पाप्याच्या हातचं. डॉक्टरांनी नोवोचं मिक्सटार्ड लिहून दिलं असेल तर ते पावाच्या यीस्टचं, बायोकॉनचं इन्सुजेन असेल तर पिकिया नावाच्या दुसऱ्या यीस्टचं. वोक्हार्टने २००३ साली औरंगाबादेतून वोसुलिन आणलं, त्यांनी तिसरंच यीस्ट धरलं, हान्सेन्युला. रेणू एक, कारागीर चार. पोटात सुई टोचून घेणाऱ्या आजोबांना यातलं काही माहीत नसतं, आणि नसलं तरी साखर उतरतेच.

घराणं जुनं. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या शौचात ह्याला पाहिलं. के-१२ ही शाखा १९२२ साली स्टॅनफर्डला एका रुग्णाच्या शौचातून मिळाली. जनुकं बदलण्याच्या विद्येचे पहिले धडे बहुतेक हिच्यावरच गिरवले गेले. ह्या जातीकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. आज प्रयोगशाळेत जो जास्त भेटतो तो मात्र बी शाखेतला, बीएल-ट्वेंटीवन. १९८६ साली ब्रुकहेवनच्या स्टडियर आणि मोफॅट यांनी त्याला कामाला लावलं. त्याच्यात लॉन आणि ऑम्पटी ही प्रथिनं कातरणारी दोन विकरं नाहीत, म्हणजे परका माल घरात ठेवला तरी तो फारसा कुरतडत नाही. खायला साधं, ग्लुकोज आणि थोडे क्षार. अंगात आलं की वीस मिनिटांत एकाचे दोन. यीस्ट ह्या शर्यतीत कुठेच नाही आणि सस्तन प्राण्यांच्या पेशी तर एकदा दुप्पट व्हायलाच जवळजवळ दिवस घेतात.

पण गुणांवर भाळून कोणी निवड करत नाही. कोणते अवगुण आपल्याला निस्तरता येतील, हे पाहून करतात.

पहिला अवगुण घाई. जनुक चालू करणारं आयपीटीजी टाकलं की गडी असा सुटतो की प्रथिनाच्या साखळीची घडी नीट पडायच्या आत पुढची साखळी तयार. पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केलं की नळीच्या तळाशी पांढरट, खडूसारखा गोळा बसतो. तेच आपलं औषध, पण निकामी. आठ मोलर युरियात ते उलगडायचं आणि हळूहळू पुन्हा घडी घालायला लावायची. त्यात बरंच वाया जातं. तापमान सदतीसवरून अठरावर आणलं तर तो जरा भानावर येतो. तरीही काही कारखाने मुद्दाम गोळाच होऊ देतात, कारण गोळ्यातलं प्रथिन बऱ्यापैकी शुद्ध असतं आणि कातरणाऱ्या विकरांपासून वाचतं. अवगुणाचाही भाव होतो तो असा.

दुसरा, त्याच्या बाहेरच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन. औषधात लेशभर राहिलं तरी रुग्णाला हुडहुडी भरून ताप. शुद्धीकरणातला केवढा तरी खटाटोप ह्या एका पापासाठी.

तिसरा, त्याला प्रथिनावर साखरेच्या साखळ्या जोडता येत नाहीत. एरिथ्रोपोएटिन ह्या साखळ्यांशिवाय शरीरात टिकत नाही, म्हणून ते काम हॅमस्टरच्या पेशींकडे जातं. फिल्ग्रास्टिमचं मात्र त्यांच्यावाचून अडत नाही, म्हणून ते खुशाल ह्याच्याकडे.

रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधांत तर महाराष्ट्रातच दोन्ही तऱ्हा झाल्या. पुण्याच्या जेनोव्हाने टेनेक्टेप्लेज हॅमस्टरच्या पेशींतून काढलं. नवी मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसने रेटेप्लेज बाजारात आणलं, ते जिवाणूचं. ह्या दोन्ही औषधांच्या मूळ रेणूत ५२७ अमिनो आम्लं. रेटेप्लेजमध्ये ३५५ च ठेवली आहेत. पुष्कळसा भाग छाटल्यामुळे घडी सोपी झाली आणि आपल्या गड्याला ते पेललं. कामगार बदलण्याऐवजी कामच त्याच्या मापाचं केलं. मला ही युक्ती जास्त आवडते, ती अजून सगळीकडे चालत नाही ही गोष्ट वेगळी.

वासाचंही सांगायला हवं. रात्रभर हलवत ठेवलेल्या फ्लास्कचं बूच काढलं की जो उग्र, मोरीसारखा भपकारा येतो, त्यात मोठा वाटा इंडोलचा. हेच इंडोल अत्यल्प प्रमाणात मोगऱ्यात असतं. कुंभकोणमच्या बाजारात हातावर मोजून विकल्या जाणाऱ्या मल्लीच्या, म्हणजे मोगऱ्याच्याच, माळा हुंगताना ह्याची आठवण कोणाला येत नाही, ते बरंच आहे.

ह्या गावाची आणखी एक जुनी बदनामी आहे, डास आणि हत्तीपाय. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातल्या पी. कलिराज यांच्या गटाने हत्तीपायाच्या कृमीचं एसएक्सपी-वन हे प्रथिन ई. कोलायकडून बनवून घेतलं आणि त्यावर रोग ओळखण्याची झटपट चाचणी बसवली. इथे गड्याच्या निवडीला फार डोकं चालवावं लागत नाही. प्रथिन शरीरात टोचायचंच नाही, रुग्णाचं रक्त त्याच्याकडे यायचं. मग तापाची भीती कुठली? हत्तीपायावर लस करायची म्हटली की मात्र तेच प्रथिन सुईतून माणसात जाणार, आणि दारातच एंडोटॉक्सिनसाठी त्याची जुनी झडती नव्याने सुरू होणार.