चिखलणीनंतरचा ताप

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता फुटतो. पावसाळ्यात या भागातली तरणी पोरं दिवसभर खाचरात राबतात. पायाला कुठेतरी खरचटलेलं असतं आणि खाचरातल्या पाण्यात उंदरांचं, गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं. लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे लेप्टोचा, जंतू अंगात शिरतो तो या वाटेने. ताप चढतो तो मात्र बहुधा पाच ते चौदा दिवसांनी, लावणी उरकल्यावर.

तेव्हा घरात म्हणतात, तरणाताठा आहे, उतरेल ताप.

तरुण शरीर बरंच सोसतं, म्हणूनच ते फसवतं. म्हणून डॉक्टरांनी आधी शेताची चौकशी करावी. पोटऱ्या दाबल्यावर रुग्ण कळवळतो का? डोळे लाल आहेत का? लघवी कमी किंवा गडद झाली आहे का? धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर घरी थांबण्यात अर्थ नाही. प्लेटलेट, क्रिएटिनिन, छातीचा एक्स-रे आणि रक्तातला ऑक्सिजन मिळून चित्र स्पष्ट करतात. प्रतिपिंडांची चाचणी पहिल्या आठवड्यात नकारात्मक येऊ शकते. दाट संशय असेल तर अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करावं लागतं.

जर्मन डॉक्टर आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये या आजाराच्या गंभीर रूपाचं वर्णन केलं, त्यात कावीळ ठळक होती. पण ती दिसेलच असं नाही. १९९५ मध्ये निकाराग्वात अतिवृष्टीनंतर फुप्फुसांत रक्तस्राव होऊन माणसं दगावली. कावीळ नव्हती, आधी संशय डेंग्यूचा होता. मुंबईने २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोची साथ पाहिली.

आणि रुग्ण शेताकडे, साचल्या पाण्याकडे फिरकलाच नसेल तर? अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९१९ मध्ये एका अठरा वर्षांच्या मुलाची नोंद केली. त्याचीही फुप्फुसं आणि मूत्रपिंडं एकदमच बिघडली होती. पुढे गुडपाश्चर यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच या अवयवांवर उलटते. तिथे ती दाबणारी औषधं आणि प्लाझ्मा बदलणं लागतं. उपचाराची दिशाच बदलते, म्हणून लघवीतल्या रक्तपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं टाळू नये.

लेप्टोत वेळेवर डायलिसिसचा आधार मिळाला, तर बहुतेकांची मूत्रपिंडं पुन्हा काम करू लागतात. हातखंब्याहून रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. निघताना घरच्यांनी तीन गोष्टी आठवून ठेवाव्यात: ताप कधी आला, लघवी शेवटची कधी झाली आणि त्याआधीच्या महिन्यात रुग्ण कोणत्या पाण्यात उतरला होता.