वाटाण्याची साक्ष

बी रुजते, मूळ खाली जाते, कोंब वर येतो, हे शाळेतल्या मुलास पाठ असते. पण बी रुजताना त्याने पाहिलेले नसते. निसर्ग आपले काम इतक्या सावकाश करतो की पाहणाऱ्याचा धीर सुटतो. ही अडचण दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली सोडविली. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा लावून दिवसामागून दिवस त्याची चित्रे घेतली आणि ती वाढ पडद्यावर भरभर धावती केली. पुढे त्यांनी आगकाड्यांनाही असेच नाचविले.

फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. त्याच बडोद्याच्या वाटेवरील सुरतेत, उधना-लिंबायत भागांत, खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. महानगरपालिकेच्या काही प्राथमिक शाळा मराठी माध्यमाच्या आहेत. तेथे उद्या शिकवू पाहणाऱ्या छात्राध्यापकांना आज साधा मोबाइल पुरतो. मातीचे बी करावे, किंचित बदलावे, चित्र घ्यावे, पुन्हा बदलावे. सेकंदास १२ चित्रे धरली तर १० सेकंदांना १२० लागतात.

या खटाटोपाचा लाभ मुलांआधी शिक्षकास होतो, असे आम्हांस वाटते. फळ्यावर दोन आकृत्यांच्या मध्ये बाण काढून भागते. येथे भागत नाही. मूळ आधी की कोंब? बियाची दोन दले मातीत राहतात की वर येतात? वाटाण्याची मातीतच राहतात, मुगाची वर येतात. हे ठाऊक नसेल तर पुढचे चित्र घेताच येत नाही.

मात्र न्यायालयात वावरणाऱ्या आम्हांस एक भेद विसरवत नाही. फाळक्यांचा वाटाणा साक्षीदार होता. मातीचे बी हा वकील आहे. ते घडविणाऱ्याची बाजू मांडते, आणि ती चुकीची असली तरी पडद्यावर खरीच दिसते. म्हणून चित्र दाखविण्यापूर्वी आठवडाभर वर्गात खरे वाटाणे व मूग पेरावेत, आणि चित्र संपताच कुंड्या पुढे ठेवून मुलांनाच उलटतपासणी घेऊ द्यावी. तीही त्यांच्या घरच्या भाषेत. पाहण्यास भाषा लागत नाही. शंका विचारण्यास लागते.