कोरी जागा आणि सूत्रधार

एखादे खंड कागदावर आणायचे तर किनारा काढणे सर्वांत सोपे असते. हात जरा सैल सोडला की आखाते, भूशिरे, बेटांच्या रांगा आपोआप उतरत जातात. त्यानेही एका रविवारी सकाळी तेवढे केले. षट्कोन आखलेल्या मोठ्या कागदावर किनारा काढला, एका नदीचे मुख दाखविले, आणि तेथे पेन्सिल थांबली. आतला सगळा कागद कोरा होता. चौघा सोबत्यांची मागणी नेमकी या कोरेपणाची होती. राज्ये, बाजारपेठा, राजवाड्यांतली कारस्थाने आता पुरे झाली; जिथे कोणी गेले नाही आणि जिथून कोणी परतले नाही अशा भूमीवर जायचे, असे त्यांनी ठरविले होते. म्हणजे त्याला एक अज्ञात खंड निर्माण करावयाचे होते. ‘अज्ञात’ आणि ‘निर्माण’ या दोन शब्दांमधला विरोध त्याच्या ध्यानात आला तो पुष्कळ उशिरा, आणि त्या उशिराची किंमत एका पात्राला द्यावी लागली.

ज्या खेळासाठी हा उद्योग चालला होता त्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा जन्म १९७४ सालचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून तो प्रसिद्ध झाला. खेळाची घडण साधी आहे. एक जण सूत्रधार होतो. जग त्याच्या स्वाधीन असते. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपले पात्र त्या जगात काय करते ते बोलून सांगतात. जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. आधी लिहिलेली संहिता नसते. टेबलाभोवतीच्या बोलण्यातून ती घडत जाते. नाटक आणि कादंबरी यांच्याशी नाते सांगणारा, पण दोहोंपैकी कशातही न बसणारा असा हा कथनप्रकार आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत रानावनातल्या प्रवासासाठी स्वतःचा पट नव्हता. वाट चुकलेल्या माणसांच्या तहानभुकेवर बेतलेला ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ हा १९७२ सालचा खेळ होता, त्याचा षट्कोनी पट वापरावा अशी सूचना तीत होती. या परंपरेतले पहिले अरण्यच मुळी उसने आणलेले होते.

अज्ञात भूमीची रचना एक स्वतंत्र प्रश्न म्हणून ठळकपणे पुढे आली ती १९८१ च्या ‘द आइल ऑफ ड्रेड’मध्ये. डेव्हिड कुक आणि टॉम मोल्डव्हे यांच्या या साहसकथेत एकाच बेटाचे दोन नकाशे आहेत. एक सूत्रधाराचा, डोंगर, दलदली आणि वस्त्यांनी भरलेला. दुसरा खेळणाऱ्यांच्या हाती द्यावयाचा, ज्यावर किनारा आहे आणि आत जवळजवळ काहीच नाही. साहित्यविचाराच्या दृष्टीने ही योजना लक्षणीय आहे. रोमान इन्गार्डन यांनी १९३१ मध्ये साहित्यकृतीतील अनिश्चिततेच्या स्थानांची मीमांसा केली. वोल्फगांग इझर यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात संहितेतील रिक्त जागा वाचकाला कशा कामाला लावतात ते दाखविले. परंतु कादंबरीतली रिक्त जागा वाचक भरतो तेव्हा त्याचे भरणे चुकीचे आहे असे सांगायला कोणी समोर बसलेले नसते. या खेळात मात्र रिक्त जागेच्या पलीकडे एक माणूस असतो आणि त्याच्याजवळ दुसरा नकाशा असतो. कोरेपणा कागदाचा नसतो. एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, या दोन माणसांमधल्या संबंधाचे ते नाव असते.

हे त्याला प्रथम उमगले नाही. त्याने दोन्ही नकाशे कोरेच ठेवले. आपल्यालाच जे माहीत नाही ते अधिक गूढ, असा त्याचा हिशेब होता. या विचाराला आधारही होता. कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कल्पितविश्वात झेंड्रिक नावाचे खंड आहे. राक्षसांच्या उद्ध्वस्त साम्राज्याची ही भूमी एका शापाने अशी ग्रासलेली आहे की, एकाच वाटेने निघालेल्या दोन तुकड्या एकाच ठिकाणी पोहोचतील याची शाश्वती नाही. पण तेथे अस्थिरता हाच भूमीचा ठरलेला धर्म आहे. त्याच्या खंडाला असा कोणताच धर्म नव्हता. होती ती केवळ त्याची बेपर्वाई. पात्रे पूर्वेला वळली की तो पूर्वेला डोंगर उभा करी. उत्तरेला वळली असती तर तोच डोंगर उत्तरेला आला असता. तिसऱ्या रविवारी खेळणाऱ्यांना याचा वास लागला. कोणी वाद घातला नाही, पण वाटा निवडताना होणारी चर्चा थांबली. वाट कोणतीही घेतली तरी तेच लागणार असेल, तर चर्चा करायची कशाला?

नकाशाच्या इतिहासात या चुकीची एक सख्खी बहीण आहे. जेम्स रेनेल यांनी १७९८ च्या आपल्या आफ्रिकेच्या नकाशात पश्चिमेच्या अंगाला ‘काँग’ पर्वतांची रांग आखली. पुढचे जवळजवळ शतकभर ती रांग एका नकाशावरून दुसऱ्या नकाशावर उतरत राहिली. लुई-गुस्ताव्ह बँझे हे १८८७ ते १८८९ या काळात त्या प्रदेशातून प्रत्यक्ष फिरले तेव्हा पर्वत नाहीत हे सिद्ध झाले. रेनेल यांचे पर्वत अनुमानाचे होते. जेथे माहिती संपते तेथे तर्काने कागद भरावा या सवयीचे ते अपत्य होते. सूत्रधाराची अडचण उलट बाजूची असते. त्याने आखलेला पर्वत नसण्याचा प्रश्नच नाही; तो आखला म्हणजे आहे. म्हणूनच तो आधी आखणे आणि नंतर न हलविणे, हे त्याचे एकमेव सत्य ठरते. त्याने दुसरा नकाशा भरावयास घेतला. दोन महिने खेळ बंद राहिला.

प्रश्न उरला मृत्यूचा. खंड प्राणघातक हवे होते. या बाबतीतही त्याचा पहिला प्रयत्न उथळ होता. प्रत्येक षट्कोनात एक विष, एक श्वापद, एक कडेलोट. अशा मृत्यूने खेळणारा दचकतो, भीत नाही. भरताने भयानक रसाचा स्थायी भाव भय आणि अद्भुताचा विस्मय मानला. पण कोणताही रस निष्पन्न व्हायचा तर विभाव हवेत, आधी काहीतरी दिसायला, ऐकू यायला हवे. आगाऊ सूचना न देता कोसळणारी शिळा हा अपघात असतो. गायगॅक्स यांची १९७८ साली प्रसिद्ध झालेली ‘टूम ऑफ हॉरर्स’ ही निर्दयपणाबद्दल गाजलेली रचना; पण तिच्याही प्रवेशाच्या वाटेवर पुढील संकटांची सूचना देणारा मजकूर कोरलेला आहे. वाचता येईल असा मृत्यू आणि वाचता न येणारा मृत्यू, यांत सारा फरक आहे. त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला: ज्या जागी पात्र मरू शकते तेथे पोहोचेपर्यंत मृत्यूच्या तीन खुणा दिसल्या पाहिजेत, आणि त्या तिन्ही खऱ्या असल्या पाहिजेत.

या नियमातून एक दरी तयार झाली. तिचे बीज वास्तवात होते. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी विरघळून साठलेला कार्बन डायऑक्साइड एकाएकी उसळून बाहेर पडला. हवेहून जड असल्यामुळे तो उतारावरून दऱ्यांत वाहत गेला आणि सुमारे १७०० माणसे गुदमरून मेली. नेपल्सजवळ ‘कुत्र्यांची गुहा’ म्हणून एक जागा आहे. तेथे हा वायू जमिनीलगतच साचतो. उभ्या माणसाला काही होत नाही, त्याच्या पायाशी असलेले कुत्रे मात्र बेशुद्ध पडते. त्याच्या दरीत वायू गुडघ्याइतका होता. खुणाही ठरल्या. तळाशी कोल्ह्यांचे सांगाडे, पण हाडांवर दाताचा किंवा शस्त्राचा ओरखडा नाही. मशाल खाली धरली तर विझते. तिसरी खूण मात्र सुचेना.

ती सुचली ती एका अवचित प्रश्नातून. खंड दाखविताना त्याने नव्या कोऱ्या नकाशावर बोट ठेवून सांगितले, की ही अनामिक दरी. चौघांतली एक जण म्हणाली, “अनामिक कुणासाठी?” तिने ते सहज विचारले होते; त्याची मात्र त्या रात्री झोप उडाली. जोसेफ कॉनरॅड यांच्या १८९९ साली मासिकातून क्रमशः आलेल्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’चा निवेदक लहानपणी नकाशावरच्या कोऱ्या जागांकडे ओढला गेला होता. चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात या कादंबरीवर जो आक्षेप घेतला त्याचा गाभा हाच होता, की आफ्रिका तेथे एका युरोपीय मनाच्या पडझडीची पार्श्वभूमी होऊन बसते आणि आफ्रिकी माणूस माणूस म्हणून दिसेनासा होतो. त्याने हे सारे वाचलेले होते. तरीही स्वतःचे खंड आखताना त्याने किनारा काढला तो समुद्राच्या बाजूने, जहाजातून उतरणाऱ्याच्या नजरेने. अनाघ्रात भूमी म्हणजे ज्यांना तिचा गंध ठाऊक आहे त्यांना मोजायचे नाही, असा हिशेब त्याच्याही पेन्सिलीत भिनलेला होता.

मग त्याने दरीच्या वरच्या अंगाला एक वस्ती वसविली. शेळ्या राखणारे लोक, त्यांची भाषा, त्यांचे सण. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दरीने शेळ्या आणि रांगती मुले गिळली तिला त्या लोकांनी नाव दिलेले नसणे शक्यच नव्हते. ते नाव हीच तिसरी खूण झाली. त्याचा अर्थ होता ‘जिथे वाकत नाहीत’.

खेळ पुन्हा सुरू झाला. पात्रे वस्तीवर आली, मीठ देऊन त्यांनी दुभाष्या मिळविला, दरीचे नाव विचारले. अर्थ कळताच त्यांच्यात कुजबुज झाली. जिथे वाकत नाहीत, म्हणजे तिथली माणसे कोणापुढे झुकत नाहीत. बंडखोर असणार, शस्त्रे तयार ठेवा. सूत्रधार हे ऐकत होता. सगळा अन्वयार्थ एका क्रियापदावरून घसरला होता. ‘वाकणे’ म्हणजे शरण जाणे, हाच अर्थ जहाजातून उतरलेल्यांना प्रथम सुचला. वाकणे म्हणजे फक्त वाकणे, हे कोणाच्या मनात आले नाही. दुभाष्याला आणखी एक प्रश्न विचारला असता तर सारे सांगणे त्याने लिहून ठेवले होते. तो प्रश्न आला नाही. पुढे सांगाडे दिसले, तेव्हा रोगाची शंका निघाली. पाऊलखुणा पाहण्यासाठी खाली धरलेली मशाल विझली, तेव्हा ओलाव्याला दोष दिला गेला.

‘अनामिक कुणासाठी’ असे जिने विचारले होते तिचे पात्र एक म्हातारा नकाशाकार होता. तीन वर्षे ती त्याला खेळवीत होती; त्याची वही तिने स्वतःच्या हाताने, त्याच्या अक्षरात लिहून ठेवली होती. दरीच्या मध्यावर कुठल्या तरी जुन्या मोहिमेतला एक मानवी सांगाडा होता आणि त्याच्या बोटांत एक पितळी होकायंत्र. “मी ते उचलतो,” ती म्हणाली. कसे, असे त्याने विचारले. “वाकून.”

सूत्रधारापुढे पुठ्ठ्याचा पडदा असतो. त्याआड त्याचे कागद आणि त्याचे फासे. वीस पैलूंच्या फाशावर चौदा किंवा अधिक पडले असते तर म्हातारा तोल सावरून उठला असता. पडले सहा. सोळा म्हटले असते तरी कोणाला कळणार नव्हते. चौघांचे चेहरे त्याच्याकडे होते, आणि तीन वर्षांचा तो म्हातारा त्यालाही प्रिय होता. पण सोळा म्हटल्याबरोबर दरीतला वायू वायू राहिला नसता. कोल्ह्यांची हाडे, विझलेली मशाल, मुले गमावलेल्या लोकांनी ठेवलेले नाव, ही सारी नुसती सजावट ठरली असती. आणि पूर्वीचा तो हलता डोंगर पुन्हा टेबलावर येऊन बसला असता. त्याने पडदा बाजूला केला. सहा सर्वांनी पाहिले.

म्हातारा कोसळला तसे दोघे जण एकदमच म्हणाले, की आम्ही धावतो, त्याला उचलतो. ती फाशाकडे पाहत होती. तिने हात वर केला.

“वाकू नका,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “ते नावातच होतं.”

दोराला आकडा बांधून, उभ्यानेच, त्यांनी प्रेत वर ओढले. होकायंत्र तेथेच राहिले. खेळ संपल्यावर तिने खेळणाऱ्यांचा नकाशा पुढे ओढला. सकाळी त्यांनी त्या षट्कोनात पेन्सिलीने ‘बंडखोरांची दरी’ असे लिहिले होते. ते तिने खोडले, सूत्रधाराला मूळ शब्दाचे उच्चार पुन्हा एकदा म्हणावयास सांगितले, आणि शेळ्या राखणाऱ्यांचे नाव त्यांच्याच भाषेत, म्हाताऱ्याच्या अक्षरात लिहिले. पुढच्या रविवारी ती नवे पात्र घेऊन आली. जहाज किनाऱ्याला लागल्यावर त्या पात्राने पहिली गोष्ट केली ती ही, की एक बोलका दुभाष्या शोधला आणि दिवसभर प्रश्न विचारले.